'गरिबी' एवढा मोठा विषय घेऊ का?

प्रश्न: सर, मी बीडकडची, बीए सेकंड इयर. सामाजिक प्रश्नावर आर्थिक धोरण सुचवा असा प्रोजेक्ट दिलाय, मी 'गरिबी' घेतली पण काही सुचंनाच.

उत्तर: अगं, गरिबी म्हणजे अख्खा मराठवाडाच उचलायला निघालीस की! एक धागा धर. तुमच्याकडं दिवाळीच्या आसपास कोयते निघतात, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला जातात, पोरं शाळा सोडून उसाच्या फडावर, का तर मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायचीय आणि घरी पोरांना बघायला कुणी नाही. चार-पाच घरी बसून विचार, उचल किती घेतली, लग्नाला का दवाखान्याला, फिटली का. मग उपाय सुचतात, बचत गटातून कमी व्याजाचं कर्ज, हंगामी वसतिगृह, म्हणजे आई-बाप तोडीला गेले की पोरांना ठेवायची सोय. पण पैसा कुठून आणायचा हे नाही लिहिलं तर नुसता निबंध होतो (बहुतेकांचा होतोच). रोजगार हमी बघ, 1972 च्या दुष्काळात जोर धरला, 1975 ला पगारदारांवर व्यवसाय कर आला, 1977 ला कायदा, म्हणजे शहरातल्या पगारातून गावातल्या खडी फोडणारीची मजुरी. तसाच हिशोब मांड, एका पोराचा सहा महिन्यांचा खर्च गुणिले गावातली पोरं. आणि वयात आलेली पोरगी वसतिगृहात ठेवशील का, हे एखाद्या आईला आधी विचार, मगच उपाय लिही.