आयटीपीच्या मुलाला औषध लागू पडेल का?

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या पायांवर अचानक काळेनिळे डाग उठले. त्याआधी दोन आठवडे सर्दी-ताप होता. प्लेटलेट ८,००० निघाल्या, हिरड्यांतून रक्त येत होतं. डेंग्यू नाही, आयटीपी (शरीर स्वतःच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार) आहे असं निदान झालं. आयव्हीआयजी (शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडीचं औषध) दिल्यावर तिसऱ्या दिवशी प्लेटलेट ९२,००० झाल्या, पण तीन आठवड्यांत पुन्हा २४,०००. आता रक्त कुठूनच येत नाही. औषध फेल गेलं का? पुढचं लागू पडेल की नाही हे आधी सांगणारी एखादी तपासणी नाही का? शेजारी पपईच्या पानांचा रस द्या म्हणतात.
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, औषध फेल गेलेलं नाही. ८,००० वरून तीन दिवसांत ९२,००० म्हणजे ते उत्तम लागू पडलं. आयटीपीत शरीर स्वतःच्याच प्लेटलेटना अँटिबॉडी (एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं) चिकटवतं आणि मुख्यतः प्लीहा (पोटातला एक अवयव) त्या प्लेटलेट नष्ट करते. आयव्हीआयजी हा नाश काही काळ थोपवतं. १९८१मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल इमबाख यांनी लहान मुलांवरच याचा गुण दाखवून दिला. पण बाहेरून दिलेलं इम्युनोग्लोब्युलिन दोन-चार आठवड्यांत ओसरतं आणि आजार अजून शमला नसेल तर आकडा खाली येतो.

म्हणून प्रश्न दोन आहेत: औषधाने आकडा वाढेल का, आणि आजार जाईल का? पहिल्याचं खात्रीचं उत्तर देणारी तपासणी आज रोजच्या वापरात नाही. काही जनुकांवर संशोधन चालू आहे, पण त्यावरून मी कुणाचं औषध ठरवत नाही. अँटिप्लेटलेट अँटिबॉडीची महागडी तपासणी कुणी सुचवली, तर ‘त्याने उपचार बदलणार आहेत का?’ एवढं जरूर विचारा. एकदा आयव्हीआयजी लागू पडलेल्या मुलाला गरज पडल्यास ते पुन्हा लागू पडण्याची शक्यता चांगली असते.

दुसऱ्या प्रश्नाचा अंदाज मात्र तुमच्या पत्रातूनच येतो. मुलगी असणं, वय अकराच्या पुढे, डाग महिनोन्‌महिने हळूहळू येणं, आधी कसलंच इन्फेक्शन नसणं, सुरुवातीचा आकडा २०,०००च्या वर असणं, अशांचा आजार रेंगाळण्याची शक्यता जास्त. तुमच्या मुलाचं सगळं याच्या उलट आहे. ज्या ८,०००ने तुमची झोप उडवली, तो आकडा या हिशेबात त्याच्या बाजूचा आहे. मुलांमध्ये दर पाचांमागे सुमारे चार जण वर्षभरात बरे होतात. आयव्हीआयजीने ही वाट बदलते का? नेदरलँड्समधल्या २००हून अधिक मुलांच्या अभ्यासात (२०१८) ते घेतलेल्यांना लवकर आराम पडला, गंभीर रक्तस्राव कमी झाला. पण आजार रेंगाळण्याचं प्रमाण लक्षणीय घटल्याचं सिद्ध झालं नाही.

आता २४,००० आहेत आणि रक्तस्राव नाही. अशा मुलाला मी सहसा औषध देत नाही, लक्ष ठेवते. रोज टॉर्च घेऊन तोंडात गालांच्या आतली बाजू आणि टाळू बघा. तिथे काळसर रक्ताचे फोड दिसले, दाबून धरूनही नाकाचं रक्त थांबेना, शौच काळी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. डोक्याला मार लागला, किंवा डोकं दुखून उलट्या झाल्या, तर थेट इमर्जन्सीत. तापाला पॅरासिटामॉल चालेल. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको. दंडावर-कमरेवर टोचायचं इंजेक्शन डॉक्टरांना आजार सांगितल्याशिवाय घेऊ नका.

पपईचा रस देऊ नका. त्याची चर्चा डेंग्यूमुळे आहे, आणि डेंग्यूत प्लेटलेट आजार सरला की आपोआपही चढतात. कडू रसाने उलट्या झाल्या, तर त्या रसाच्या की डोक्यातल्या रक्तस्रावाच्या हे ओळखणं अवघड होईल.

वर्ष उलटूनही आकडा चढला नाही, तर एल्ट्रोम्बोपॅगसारखी प्लेटलेट वाढवणारी औषधं आहेत. ते कधी सुरू झालंच, तर दुधाबरोबर देऊ नका. दूध-दह्यातल्या कॅल्शियममुळे ते अंगी लागत नाही आणि घरचे समजतात की गुण येत नाही.

बालवाडी बंद करू नका. फक्त बाईंना आजाराची कल्पना देऊन ठेवा आणि उंचावरून उड्या, सायकल तूर्त थांबवा.