आधी मोठ्या मुलाचं बघा, सर

पत्र थोडक्यात : मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलीला बारावी सायन्सला 74 टक्के, नीटला 720 पैकी 312. रिपीट करायला तयार नाही, सिनेमा लाइनला जायचं म्हणते. टेस्ट सिरीजचे 3,400 रुपये घालून मोबाइलवर 22 मिनिटांची थ्रिलर बनवली, भाऊ हरवतो आणि बहीण त्याला शोधते अशी, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. आमची बदनामी झाली. लिंक पाठवतोय, तुम्हीच बघा. मोठा मुलगा दोनदा नीट देऊन लागला नाही, मागच्या वर्षी निकालानंतर घर सोडून गेला, सज्ञान आहे, येईल तेव्हा येईल, दिवाळीत आईला फोन आला होता पण बोलला नाही. निदान मुलीला तरी समजावा. पुण्याच्या सरकारी फिल्म संस्थेत, एफटीआयआयला, बारावीच्या मार्कांवर घेतात का तेही कळवा.

सर, नमस्कार. तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. त्यात दोन्ही मुलांचे दहावीपासूनचे मार्क आहेत, विषयवार, क्लासच्या टेस्टचे सुद्धा, तारखेनिशी. आणि पोटचा पोरगा घरातून निघून गेला हे एका वाक्यात, तेही मुलीच्या तक्रारीच्या अधेमधे कुठेतरी. ते वाक्य मी तीनदा वाचलं. तो कोणत्या तारखेला गेला ते त्यात नाही, अंगावर काय होतं, फोन नेला का, शेवटचं कोणाशी बोलला, काहीच नाही. म्हणून करिअरचं मी आज शेवटी बोलणार आहे, तुम्हाला राग आला तरी चालेल.

फिल्म पाहिली. रात्री एकदा आणि सकाळी परत एकदा.

सुरुवातीलाच आई ताटं मांडते. चार मांडते, थांबते, एक उचलून परत मांडणीवर ठेवते, तोंडातून शब्द नाही. मग बहीण अभ्यासिकेत जाते, तिथलं रजिस्टर मागून घेते, पानावरून बोट फिरवत फिरवत खाली येते आणि भावाच्या सहीवर थांबते, सकाळी 6:10 ला आल्याची सही आहे पण गेल्याचा रकाना रिकामा. तिथून मेस. मेसवाल्या मावशी सांगतात की तो पंधरा दिवस जेवायलाच आला नव्हता, डबाही नेला नाही. मग त्याचा रूमवरचा मित्र, मग एसटी स्टँड. एक धागा दुसऱ्याकडे नेतो, योगायोगाने कुठे काही सापडत नाही. शोधाच्या गोष्टीत हेच सगळ्यात अवघड असतं सर, चांगले चांगले लेखक तिथे अडकले की कुणाला तरी वाटेत अचानक भेटवून मोकळे होतात. तुमच्या मुलीने तसं एकदाही केलेलं नाही.

बाप पडद्यावर दिसतच नाही. आतल्या खोलीतून फक्त आवाज येतो, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा एकच शब्द, "किती?" पहिल्या दोन वेळी कळतं की मार्क विचारतोय. तिसऱ्यांदा मुलगी रात्री उशिरा स्टँडवरून घरी येते, चप्पल काढते आणि आतून आवाज येतो, "किती?" आता वाजले किती की आले किती, कळत नाही. मी तिथे फिल्म थांबवली आणि बराच वेळ पुढे नेली नाही.

याला तुम्ही बदनामी म्हणता. अहो, ज्या घरात वर्षभर भावाचं नाव निघत नाही त्या घरातली अठरा वर्षांची पोरगी अजून काय करणार होती? जेवताना विषय काढला असता तर तुम्ही ताटावरून उठला असता, हो ना? रागावून सांगते, पण मनापासून सांगते, तुम्ही वाईट बाप आहात असं मला अजिबात वाटत नाही. शिक्षकाच्या पगारात दोन मुलांचे क्लास, रूम, मेस, रिपीटची फी, हे सगळं केलंत ते प्रेमापोटीच केलंत. पण पहिला गेला आणि त्यातून तुम्ही एवढंच ठरवलं की दुसरी तरी लागली पाहिजे. म्हणजे त्याच्या वाटचंही ओझं आता तिच्या पाठीवर. तिला रिपीटचा र सुद्धा सध्या ऐकवू नका.

आता ते "सज्ञान आहे" बद्दल, कारण हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पालकांत आहे आणि त्याने फार नुकसान होतं. लोकांना वाटतं अठरा पूर्ण झाली आणि आपल्या पायाने गेला म्हणजे पोलिसांचा विषय संपला. तसं नाहीये. मोठ्या माणसाची सुद्धा मिसिंगची तक्रार पोलीस स्टेशनला घेतात, चोवीस तास थांबा वगैरे असा काही कायदा नाही, आणि वर्ष उलटून गेलं म्हणून तक्रार करता येत नाही असंही नाही. फोटो, तो गेला तो दिवस, अंगावरचे कपडे, ओळखीच्या खुणा, मोबाइल नंबर, फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय नंबर (म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक), बँकेच्या खात्याचा तपशील, जे असेल ते घेऊन जायचं. दिवाळीत ज्या नंबरवरून फोन आला तो नंबर आईच्या फोनमधून अजून गेला नसेल तर आजच लिहून ठेवा. दुसरी भीती असते की पोलीस त्याला धरून आणतील आणि गावात तमाशा होईल. सज्ञान माणूस सापडला आणि घरी यायचं नाही म्हणाला तर त्याला जबरदस्तीने आणता येत नाही, त्याचा जबाब घेतात आणि तो सुखरूप आहे एवढं घरच्यांना कळतं. सर, सध्या तुमच्या घरात तेवढं सुद्धा कुणाला माहीत नाही. त्या ताटाच्या सीनमध्ये आईची भूमिका केलीय त्या तुमच्या मिसेसच आहेत ना? मला तो अभिनय वाटला नाही.

आणि टेली मानस म्हणून सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, 14416, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. मुलीसाठी आहे, तिच्या आईसाठी आहे आणि तुमच्यासाठी पण आहे. मनात काय चाललंय ते घरात नाही बोलता आलं तर तिथे बोला.

बरं, आता तिच्या लाइनबद्दल. पुण्याचं एफटीआयआय असो की कोलकात्याचं सत्यजित राय इन्स्टिट्यूट, डिरेक्शन किंवा एडिटिंगच्या मुख्य कोर्सला आधी पदवी लागते, कुठल्याही शाखेची चालते, आणि मग त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा, म्हणजे 74 टक्क्यांचं आणि 312 चं तिथे कुणी काही विचारणार नाही. तेव्हा तीन वर्षं तिला आवडेल तो विषय घेऊन ग्रॅज्युएशन करू दे, मराठी, मानसशास्त्र, जे तिला पटेल ते. लाखांत फी घेणाऱ्या खासगी अकॅडमीत आत्ता पैसे भरू नका, ती हट्ट करेल तरी नको. कॅमेरा पण घेऊन देऊ नका, तिचं काही अडलेलं नाहीये. फिल्मच्या शेवटी तिने खर्चाचा हिशोब दिलाय, 1,900 माइक, 400 ट्रायपॉड, 500 एसटी भाडं, 600 मित्रांचा नाश्ता. अर्ध्याहून जास्त पैसे आवाजावर घातले. कमी पैशातली फिल्म चित्रापेक्षा आवाजात जास्त मार खाते हे पुष्कळांना दोन-तीन फिल्म फसल्यावर कळतं, तिला पहिल्याच वेळी कळलं.

हॉलिवूडचा मोठा दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन, त्याची पहिली पूर्ण लांबीची फिल्म, 1998 ची फॉलोइंग, ती पण रहस्यकथाच. सगळे नोकरी करणारे लोक, शनिवारी शनिवारी शूटिंग, वर्षभर चाललं, फिल्मचे रीळ महाग म्हणून प्रत्येक सीनची इतकी तालीम करायचे की एका-दोन टेकमध्ये व्हावं. तुमच्या मुलीने कॉलेज करता करता असं काम केलं तर शिक्षण बुडत नाही, उलट पुढच्या प्रवेशाच्या वेळी दाखवायला हातात काहीतरी असतं. पुढे पोट भरेल का विचाराल, तर पहिली काही वर्षं ओढाताणीचीच जातात, ते तिला स्पष्ट सांगा, मी पण सांगेन. एडिटिंग आणि साउंड पक्कं शिकली तर काम मिळायची शक्यता डिरेक्टर होण्यापेक्षा जास्त.

एक गोष्ट राहिली, आणि त्यासाठीच मी फिल्म सकाळी परत लावली. अगदी शेवटच्या शॉटमध्ये बहीण वही उघडते. दोन-तीन सेकंदच दिसते, मी थांबवून थांबवून वाचली. अभ्यासिकेचं नाव, मेसवाल्या मावशींचा नंबर, मित्राने सांगितलेलं एका शहराचं नाव, गाड्यांच्या वेळा, खाली दिवाळीतल्या त्या फोनची तारीख आणि वेळ. शाई वेगवेगळ्या पेनांची आहे, पानाला चहाचा डाग आहे, कोपरे दुमडलेत. फिल्म या वर्षीच्या मे महिन्यात काढली असं तुम्हीच लिहिलंय, वहीतल्या तारखा मात्र मागच्या जूनपासूनच्या आहेत.

सर, ती वही फिल्मसाठी केलेली नाहीये. ती खरंच सगळीकडे जाऊन आली आहे, एकटी, तुम्हाला न सांगता, बहुतेक क्लासच्या वेळात. आज संध्याकाळी तिच्या खोलीत जा, टेस्ट सिरीजच्या पैशांचं काही काढू नका, फक्त वही बघू का असं विचारा. उद्या पोलीस स्टेशनला जाताना ती वही बरोबर घ्या आणि तिला पण घेऊन जा, कारण तिथे साहेब जे जे विचारतील त्यातलं बरंचसं तुमच्या घरात फक्त तिलाच माहीत आहे. जाऊन आलात की मला कळवा, मी वाट बघते.