रोजचं चिंतन लिहायला घेताना

बायबलच्या उजेडात समाज आणि राजकारणावर तू रोज लिहायला लागलास, मनापासून आनंद झाला. आधी आमोस किंवा लूक या बायबलमधल्या पुस्तकांतला उतारा पूर्ण वाच, मग वर्तमानपत्र उघड. नवखे उलट करतात: मत ठरवतात, मग सोयीचं वचन शोधतात. मग चिंतनाचं प्रचारपत्रक होतं.

'अन्याय' असं मोघम लिहू नकोस. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. दीक्षाभूमीच्या नागपुरात राहून हे नेमकेपणाने मांडायलाच हवं.

राजकीय पक्षांवर लिहिण्याआधी आपल्याच चर्चच्या मंडळीत सोयरीक जुळवताना जात विचारतात का, ते बघ. रोज दहा ओळी पुरेत. धर्मशास्त्रातले वाद सध्या राहू दे.