स्वस्त .२२ काडतुसे: पाच गोळ्यांवर निकाल लावू नका

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दर रविवारी ठाण्याहून वरळीच्या रेंजवर येता आणि बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट, म्हणजे मागचा खटका, ओढायची) .२२ रायफलने ५० मीटरवर प्रोनचा, म्हणजे पालथे झोपून मारण्याचा, सराव करता. नेहमीच्या काडतुसांच्या जवळपास निम्म्या किमतीची काडतुसे आपण एकदा वापरून पाहिली, पाच गोळ्यांचा ग्रुप (म्हणजे सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधले अंतर) १४ मिलीमीटरचा आला आणि एकही काडतूस फुसके निघाले नाही. तेव्हा परवान्यावरचा या वर्षीचा उरलेला कोटा सगळा याच काडतुसांवर खर्च करावा का? माझे उत्तर असे की आज करू नये. आधी एकाच लॉट नंबरची (कारखान्यात एकाच खेपेत बनलेली) दोन खोकी, म्हणजे शंभर काडतुसे घ्यावीत, त्यांची नीट परीक्षा करावी, आणि मग ठरवावे.

काही वर्षांपूर्वी मीही हीच घाई केली होती. अशाच स्वस्त काडतुसांचा पहिला ग्रुप ११ मिलीमीटरचा आला. तो कागद पाकिटात ठेवून मी आठवडाभर सगळ्यांना दाखवत हिंडलो आणि लगेच पाचशे काडतुसे उचलली. पुढच्या क्लब स्पर्धेत ३७व्या गोळीला नुसता ‘टक्’ असा आवाज झाला. पुढे चार-पाच गोळ्यांनंतर नेम उत्तम असताना गोळी दहाऐवजी आठ गुणांच्या वर्तुळात लागली, आणि त्या धास्तीने उरलेली फेरी मीच बिघडवली. नंतर रेंजवर उरलेल्या काडतुसांचे बारा ग्रुप काढले तेव्हा सरासरी २२ मिलीमीटर निघाली. पहिला कागद खोटा नव्हता, पण त्या काडतुसांचा तो सर्वांत चांगला दिवस होता आणि मी तो नेहमीचा दिवस समजलो.

यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. ज्या काडतुसांच्या पाच-पाच गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी २० मिलीमीटर आहे, त्यांचाच एखादा ग्रुप १२ चा आणि एखादा ३० चा येणे यात काहीही वावगे नाही. रायफल तीच, नेमबाज तोच, खोकेही तेच. शिवाय गोळ्या वाढल्या की ग्रुप वाढतोच, आणि दहा गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपच्या साधारण सव्वापट येतो. त्यामुळे आपले पाच गोळ्यांचे १४ आणि मित्राचे दहा गोळ्यांचे १७ यांत फरक जवळपास शून्य आहे.

काडतुसांच्या भरवशाबाबत तर आपली फसवणूक याहून मोठी होते. एक खोके संपले, पन्नासपैकी पन्नास उडाली, म्हणजे माल खात्रीचा, असे आपण मानतो. प्रत्यक्षात पन्नासांत एकही फुसके न निघाल्याने एवढेच म्हणता येते की खरे प्रमाण शेकडा सहापेक्षा जास्त असण्याची शक्यता फार कमी आहे. ते शेकडा एकच्या आत आहे असे म्हणायला सलग तीनशे काडतुसे विनातक्रार उडावी लागतात. आणि शेकडा एक हे प्रमाण किरकोळ नव्हे, कारण साठ गोळ्यांच्या फेरीत निदान एक तरी काडतूस दगा देण्याची शक्यता त्यात ४५ टक्के असते. सरावात हे चालून जाते, स्पर्धेत चालत नाही. म्हणून शंभरांच्या परीक्षेनंतरही हिशेब थांबवू नये. शंभर पानी वही घालावी आणि प्रत्येक रविवारी तारीख, लॉट नंबर, किती उडवली आणि किती फुसकी निघाली एवढे टिपत जावे. सहा महिन्यांत भरवशाची परीक्षा वेगळा खर्च न करता आपोआप पूर्ण होते.

अचूकतेच्या परीक्षेसाठी मात्र एक सकाळ राखून ठेवावी लागते. रायफल प्रोनमध्ये स्लिंगवर (हाताला अडकवायच्या पट्ट्यावर) न धरता बाकावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवावी, कारण परीक्षा काडतुसाची आहे, आपली नव्हे. नेहमीची काडतुसे मोजपट्टी म्हणून सोबत असलीच पाहिजेत. ती नसतील तर खराब ग्रुपचा दोष काडतुसाचा, सैल झालेल्या स्क्रूचा की आपल्या खांद्याचा, हे कळायला मार्गच राहत नाही. प्रत्येक कंपनीचे मेण किंवा वंगण वेगळे असते आणि काडतूस बदलले की बॅरल नव्या वंगणाला सरावायला दहाएक गोळ्या घेते, त्या मोजणीत धरू नयेत. मी आधी नेहमीच्या काडतुसांचे पाच-पाचांचे चार ग्रुप काढतो, मग नव्याच्या दहा गोळ्या वाया घालवून त्याचे आठ ग्रुप घेतो, आणि शेवटी पुन्हा दहा गोळ्या सोडून नेहमीच्यांचे चार ग्रुप काढतो. सुरुवातीचे चार आणि शेवटचे चार जुळले तर मधल्या काळात वारा, उजेड किंवा थकवा यांनी घोळ घातला नाही, असे समजावे. मधेच बॅरल साफ करू नये. नव्याचे एक खोके यात संपते. दुसरे खोके नेहमीप्रमाणे प्रोनमध्ये वापरावे.

मोजताना व्हर्नियर कॅलिपरने दोन सर्वांत दूरच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्यावे आणि त्यातून गोळीचा व्यास, म्हणजे ५.६ मिलीमीटर, वजा करावा. ‘ही एक गोळी माझ्या चुकीची’ म्हणून एखादे भोक वगळण्याचा मोह आवरावा. चूक झाली असे वाटले तर ते घोडा दाबल्याक्षणीच, कागद पाहण्याआधी, वहीत लिहिलेले असले पाहिजे.

ग्रुपचा आकारही बोलतो. सरावाचे काडतूस साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, ५० मीटर कापायला त्याला सुमारे ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्यात गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. दोन काडतुसांच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला तर त्या भोकांत ७ ते ८ मिलीमीटरचे उभे अंतर पडते. उलट तासाला १५ किलोमीटरचा आडवा वारा गोळीला दोन सेंटिमीटरच्या आसपास बाजूला नेतो. त्यामुळे पिशवीवरून मारलेल्या गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या तर संशय काडतुसातल्या दारूवर घ्यावा, आणि आडव्या पसरल्या तर आधी वाऱ्याला दोष द्यावा. आपल्याकडे दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो, म्हणून ही परीक्षा सकाळीच उरकलेली बरी. खोक्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ असे लिहिलेले असेल तर निशाणासाठी ते काडतूस मी घेत नाही. ते आवाजाच्या वेगापेक्षा जलद निघते आणि कागदाच्या आसपास पोहोचेपर्यंत त्या वेगाखाली येऊ लागते. नेमक्या त्या टप्प्यात गोळी डळमळते.

आता किती अचूकता पुरेशी, हा खरा प्रश्न. ५० मीटर रायफलच्या निशाणावर, ज्यावर स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, दहाचे वर्तुळ १०.४ मिलीमीटर व्यासाचे असते. भोक रेषेला शिवले तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे गोळीचे केंद्र १६ मिलीमीटरच्या वर्तुळात असले तरी दहा मिळतात. काडतुसाचा पसारा (ग्रुपचा आकार) आणि नेमबाजाचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखा हिशेब लागतो. आपला स्वतःचा पसारा ४० मिलीमीटर असेल तर २५ च्या काडतुसाने एकूण ४७ होईल आणि १५ च्या महाग काडतुसाने ४३. दुप्पट पैसे मोजून चार मिलीमीटर! मात्र ज्याचा स्वतःचा पसारा १५ आहे, त्याला हीच काडतुसे अनुक्रमे २९ आणि २१ देतात, आणि तिथे पैसा वसूल होतो. आपण सध्या कुठे आहात हे आपल्या प्रोनच्या कागदांवरून आपल्याला माहीतच असेल.

सरासरीपेक्षा मला भीती वाटते ती अधूनमधून भरकटणाऱ्या गोळीची. चाळीसपैकी अडतीस गोळ्या नीट आणि दोन भलतीकडे, असे काडतूस सरावाला सर्वांत घातक असते, कारण नेम अचूक असताना आठ लागला की शिकाऊ माणूस स्वतःत नसलेली चूक शोधून दुरुस्त करू लागतो. सगळ्या गोळ्या सारख्याच पसरवणारे काडतूस त्यापेक्षा बरे.

काही जण काडतुसे वजन करून किंवा पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) मागच्या कडेची जाडी मोजून निवडतात. एका अख्ख्या काडतुसाचे वजन ३.३ ग्रॅमच्या आसपास असते आणि त्यात दारू जेमतेम दशांश ग्रॅम. पुंगळी आणि शिसे यांच्या वजनातल्या फरकाखाली दारूचा फरक दिसतच नाही. तो वेळ ड्राय फायरिंगला, म्हणजे काडतुसाशिवाय घोडा दाबण्याच्या सरावाला, द्यावा. लॉट बदलला तर मात्र परीक्षा नव्याने करावी. अव्वल नेमबाजसुद्धा बर्मिंगहॅमला ईली या काडतूस कंपनीच्या टेस्ट रेंजवर स्वतःची रायफल नेऊन लॉट निवडतात, मग स्वस्त मालात एक लॉट दुसऱ्यासारखा असेल अशी अपेक्षा कशाला? एअर रायफलच्या पेलेटना (छर्‍यांना) हेच सगळे लागू आहे, फक्त तिथे फुसके निघण्याचा प्रश्न नाही आणि डब्यावरचा ४.४९ किंवा ४.५० हा डोक्याचा व्यासही तपासून पाहावा लागतो.

काडतूस उडाले नाही तर रायफल निशाणाकडेच रोखून निदान तीस सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा, कारण क्वचित ते उशिरा उडते. मग कडेवरचा पिनचा ठसा पाहावा. .२२ मध्ये पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो आणि स्वस्त मालात तो कधी कधी सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. ठसा खोल असेल तर रेंज ऑफिसरला विचारून तेच काडतूस अर्धा फेरा फिरवून पुन्हा चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, काडतूस बसते त्या खाचेत) घालावे. उडाले तर दोष मसाल्याचा. ठसा उथळ असेल तर काडतुसाला दोष देण्याआधी फायरिंग पिन आणि स्प्रिंग तपासून घ्यावी. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि कागदावर भोक नसेल तर पुढची गोळी अजिबात मारू नये. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करून बॅरल मोकळी आहे का, ते रेंज ऑफिसरसमोर पाहावे.

शेवटचे पावसाळ्याबद्दल, कारण जून ते सप्टेंबर मुंबईत चांगली काडतुसेही बिघडतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून तो कुलपात ठेवावा, घामट हातांनी काडतुसे चिवडू नयेत, आणि गंज येऊ नये म्हणून कोणी त्यांना तेल लावायला सांगितले तर ऐकू नये, कारण तेल कडेतून आत झिरपले तर मसाला मरतो. शिशावर पांढरट भुकटी धरलेली काडतुसे मी परीक्षेत धरत नाही. ती आणि दोनदा ठोकूनही न उडालेली काडतुसे कचऱ्यात न टाकता रेंजवरच जमा करावीत.