आधी आवाज, मग चित्र

प्रश्न : ‘श्रेक’ या अ‍ॅनिमेशनपटात श्रेक आणि गाढव सतत एकमेकांचं बोलणं तोडतात. माईक मायर्स आणि एडी मर्फी यांनी हे संवाद समोरासमोर उभं राहून म्हटले का?

उत्तर : नाही. दोघांचं ध्वनिमुद्रण वेगवेगळं झालं. अशा कामात एकच वाक्य कितीतरी तऱ्हांनी म्हणवून घेतात आणि त्यातले नेमके तुकडे संकलक जोडतो. एकाच्या शेवटच्या शब्दावर दुसऱ्याचा पहिला शब्द चढवायचा, तर दोन आवाज स्वतंत्र ट्रॅकवर असलेलेच बरे. तोंडाची हालचाल त्या आवाजावर बेततात, म्हणूनच मध्येच आवाज बदलणं महागात पडतं. श्रेकच्या आवाजासाठी आधी क्रिस फार्ली होते. बहुतेक संवाद मुद्रित झाल्यावर डिसेंबर 1997 मध्ये त्यांचं निधन झालं. नंतर आलेल्या मायर्सनीही बरंच काम झाल्यावर सगळं स्कॉटिश ढंगात पुन्हा म्हटलं. जॉन लिथगोंच्या आवाजातला खलनायक फारक्वाड खानदानी तोऱ्याचं इंग्रजी बोलतो; त्याच्यासमोर दलदलीतला श्रेक कष्टकऱ्यांतला वाटावा, हा हेतू. तो खटाटोप सार्थकी लागला, असं आम्हांला मनापासून वाटतं.

प्रश्न : अशाच चित्रपटातला एक प्रसंग सरावासाठी मराठीत डब केला. वाक्यं वेळेत बसतात, तरी ओठ जुळत नाहीत. काय चुकतं?

उत्तर : तुम्ही अक्षरं मोजलीत, मिटलेले ओठ मोजायचे राहिले. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. सेकंदाला 24 चौकटींपैकी (फ्रेम्स) दोन-तीनच चौकटींत ते मिटलेले दिसतात, पण चेहरा जवळून दिसत असेल तर चूक लगेच खटकते. आवाज बंद करून प्रसंग एकेक चौकट पुढे न्या आणि संहितेवर त्या जागी फुली मारा. फुली शब्दाच्या सुरुवातीला असेल तर ‘नको’ऐवजी ‘पुरे’, शेवटाकडे असेल तर ‘ऐक’ऐवजी ‘थांब’. लांबून घेतलेल्या दृश्यांत एवढं जपायची गरज नाही.

दुसरी अडचण मराठीच्या वाक्यरचनेची. पात्र सुरुवातीलाच हात झटकतं आणि आपला ‘नाही’ येतो शेवटी. ‘मी तुझ्याबरोबर येणार नाही’ऐवजी ‘नाही येणार मी तुझ्याबरोबर’ म्हणा. बोलताना आपण असंच तर म्हणतो.

ओठ मिटणारी अक्षरं वाढली की माइकवर हवेचे फटके बसतात, त्यातही ‘प’ आणि ‘भ’चे जास्त. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा.