ऑफिसमधल्या मित्रांशी आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल कसं बोलावं?

तुम्ही विचारलंय की पुण्यात आयटी कंपनीत आहात, रोजचा डबा मित्रांबरोबर खाता, येशूबद्दल मोकळं बोलावंसं वाटतं, पण ‘हा आता धर्मांतर करायला लागला’ असं कुणाला वाटेल म्हणून गप्प बसता.

मी नगरची. घरात चौथ्या पिढीचा ख्रिस्ती विश्वास, आणि नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. माझं मत असं की विषय आपण काढूच नये. मराठी ख्रिस्ती माणसाला तो काढावा लागतच नाही. आडनाव साळवे नाहीतर गायकवाड, आणि रजेचा अर्ज गुड फ्रायडेचा, म्हटल्यावर लोक विचारतातच. स्टाफरूममध्ये दरवर्षी कुणीतरी मला ‘हॅपी गुड फ्रायडे’ म्हणायचं. मी सांगायचे, अहो, हा येशूला वधस्तंभावर दिल्याचा दिवस. आम्ही दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये बसून त्याच्या शेवटच्या सात उद्गारांवर मनन करतो. पुढचा प्रश्न ठरलेला: देवच होता तर स्वतःला वाचवलं का नाही? तासाभराचा उपदेश ऐकून जो प्रश्न कुणी विचारत नाही, तो चहा पिता पिता आला! तिथे आपलं उत्तर तयार हवं, आणि ते दोन मिनिटांत संपायला हवं. तारण, नवा जन्म, रक्ताने धुतले जाणं ही मंडळीतली भाषा तिथे चालत नाही. तुमच्या आयुष्यात काय झालं ते साध्या मराठीत सांगा. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला, येशूने दृष्टी दिलेला तो जन्मांध आठवा. परुशी, म्हणजे यहुदी धर्मातले कर्मठ लोक, त्याला वादात ओढत होते आणि तो एवढंच म्हणत राहिला की मी आंधळा होतो, आता मला दिसतं.

दुसरा हमखास प्रश्न बोचरा असतो: ‘तुमच्या पूर्वजांना पैसे मिळाले होते ना?’ चिडू नका, आणि इतिहास लपवूही नका. आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासूनचं. ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजातली कुटुंबं पुष्कळ होती, आणि दुष्काळात बरेच जण मिशनच्या आसऱ्याला आले हेही खरं. माझे पणजोबा नेवाशाकडचे, घर गावकुसाबाहेर. मिशनच्या शाळेत त्यांना इतर मुलांबरोबर बसायला मिळालं. त्याला कुणी आमिष म्हणावं, कुणी माणुसकी. मी हे सांगितलं की समोरचा बहुतेक वेळा गप्प होतो, मग स्वतःच्या आजोबांच्या गोष्टी सांगू लागतो. त्या मनापासून ऐका. मित्र वारकरी घरातला असेल तर वारीबद्दल विचारा, अभंग म्हणून दाखव म्हणा. आपल्या ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं म्हणणं होतं की ते तुकारामाच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आले. आपल्याकडचे काही उत्साही भाऊ दुसऱ्यांच्या देवांची टिंगल करतात, ते मला मुळीच पटत नाही.

टिळकांचीच गोष्ट पाहा. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन माणसाशी त्यांच्या गप्पा सुरू झाल्या त्या साहित्यावरून. उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला, वाचा म्हणाला आणि गेला. पुढे त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी टिळक अडकले, आणि 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरी मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. त्या परत आल्या तेव्हाही आपलं सोवळं सांभाळून, स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही; लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने. कुणी आपलं ऐकलं तर त्याच्या घरात काय काय हलू शकतं, याची जाण बोलणाऱ्याला हवी, म्हणून हे सांगितलं.

एक प्रश्न अवघड जातो: ‘मग माझी आजी नरकात गेली का?’ इथे पाठ केलेलं उत्तर देऊ नका. मी म्हणते, न्याय करणारी मी नव्हे. येशू माझ्यासाठी मार्ग आहे एवढं मी सांगू शकते, तुझ्या आजीचा निवाडा माझ्या हातात नाही. काही पाळकांना हे उत्तर पुरेसं वाटत नाही. असू दे.

कायद्याचंही थोडं. संविधानाच्या कलम 25 मध्ये धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. पण 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आपली तत्त्वं सांगणं म्हणजे प्रसार, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. डब्याच्या गप्पांना याने काही धोका नाही. तरी माझा एक नियम होता: वर्गात हा विषय काढायचा नाही, कारण पोरं बाईंना नाही म्हणू शकत नाहीत. तुमच्या हाताखाली जे काम करतात, ज्यांचं अप्रेझल तुम्ही लिहिता, त्यांच्याशी तुम्हीही हे पाळा. कुणाच्या घरी आजारपण असेल तर ‘तुझ्या आईसाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. बरं वाटेल असं वचन मात्र कधीही देऊ नका, आणि डबा पोचवायचा असेल तर नुसता डबा पोचवा.

मित्र स्वतःहून चर्च बघायला येतो म्हणाला, तर नाताळला नेऊ नका. त्या दिवशी बसायला जागा मिळत नाही. साध्या रविवारी न्या. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, असेल तर आधीच सांगा की तो जागेवर बसून राहिला तरी चालतं. आणि पाळकांना आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे पाहुण्याला उभं करून नाव विचारणं आणि दारात मोबाइल नंबर लिहून घेणं दोन्ही टळेल.