तार लावायची की अलाइनर? वाचकांचे प्रश्न, दातांच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आम्ही चोपडा तालुक्यातले, घरी केळीची शेती. माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. तिचे वरचे दात बरेच पुढे आलेत आणि खालचे एकमेकांवर चढलेत. वर्गातली पोरं चिडवतात म्हणून आता फोटो काढताना तोंडावर हात धरते. जळगावला दोन ठिकाणी दाखवलं. एका डॉक्टरांनी मेटलच्या तारेचे ३८ हजार, सिरॅमिकचे ५५ हजार सांगितले आणि चार दात काढावे लागतील म्हणाले. दुसरीकडे म्हणे दात न काढता अलाइनरने, म्हणजे प्लास्टिकच्या साच्यांनी होईल, १ लाख ४० हजार. सासूबाई दात काढायचं नावच घेऊ देत नाहीत, म्हणतात "वरला दात उपटा ते डोया जातस". बाग कापला की पैसे हातात येतील, पण ते नेमके कशावर घालू ते कळत नाहीये.

उत्तर: ताई, तोंडावर हात धरते हे वाचून मी जरा थांबलोच. अशा मुली माझ्याकडे नेहमी येतात, खुर्चीत बसल्या तरी हात खाली घ्यायला त्यांना वेळ लागतो. तिला एवढं नक्की सांगा की हे नीट होणारं आहे आणि वयही अगदी योग्य आहे.

पैशाचं नंतर बोलू. आधी एक करा, ती ओठ मिटून शांत बसलेली असताना तिला बाजूने बघा. हनुवटी मागे गेल्यासारखी दिसते का? कारण "दात पुढे आलेत" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, एकतर वरचे दातच पुढे झुकलेत, नाहीतर वरचे बऱ्यापैकी जागेवर आहेत आणि खालचा जबडाच वाढीत मागे राहिलाय. पहिलं असेल तर दात सरकवायचे. दुसरं असेल तर आधी ट्विन ब्लॉकसारखी प्लेट लावून जबड्याच्या वाढीला मदत करायची, मग उरलेलं तारेने करायचं. पण प्लेटचा उपयोग अंगात वाढ शिल्लक असेपर्यंतच. मुलींमधे वाढीचा जोर पाळी यायच्या आधीच्या वर्षभरात सगळ्यात जास्त असतो आणि नंतर ओसरायला लागतो, म्हणून पाळी आली का, येऊन किती महिने झाले हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा, यात लाजण्यासारखं काहीही नाही. बाजूने काढलेल्या डोक्याच्या एक्सरेमधे मानेचे मणके दिसतात ना, त्यांच्या आकारावरूनही वाढ किती उरलीय ते कळतं. हा एक्सरे आणि सगळे दात एका फोटोत दाखवणारा ओपीजी, हे दोन्ही एक्सरे दोघाही डॉक्टरांनी काढले होते का? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीये. ज्याने हे न काढताच "दात काढू" किंवा "नाही काढायचे" सांगितलं असेल त्याचं कोटेशन सध्या बाजूला ठेवा.

आता सासूबाईंची भीती. वरच्या दातांच्या संवेदना नेणारी नस वेगळी आणि डोळ्याने दिसतं ती नस पूर्ण वेगळी. दात काढून नजर जात नाही. त्यांना माझा निरोप सांगा, की काकू, तुमच्या काळात सडलेला, सुजलेला दात ओढून काढायचे, त्यात माणूस हालहाल व्हायचा, म्हणून भीती बसली असेल तर ती मला समजते. पण इथे चांगल्या हाडातला दात बधिर करून हळूच काढतात, पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत जाते.

पण चार दात का काढायचे? घरात सहा माणसांची जागा आणि राहायला आठ जण, असं झालंय तिच्या जबड्यात. सुळा आणि मोठी दाढ यांच्यामधे ज्या लहान उपदाढा असतात त्यातली वर आणि खाली प्रत्येक बाजूची एक काढली की दर वेळी साधारण ७ मिलिमीटर जागा मोकळी होते, मग पुढचे दात मागे घेता येतात, चढलेले सरळ करता येतात. गर्दी थोडीच असेल तर दोन दातांच्या मधून पाव-अर्धा मिलिमीटर घासूनही काम भागतं, तेव्हा दात काढायची गरज नसते. तुम्ही लिहिलंय त्यावरून तिच्या तोंडात पुढे आलेले दात पण आहेत आणि गर्दी पण, म्हणजे पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं उगाचच वाटत नाही. जागाच नसताना दात न काढता सगळं "बसवलं" तर दात आणखी पुढे ढकलले जातात, ओठ मिटत नाहीत, आणि पोरीची जी तक्रार होती तीच वाढते. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना एवढंच विचारा: दात काढणार नाही तर जागा कुठून आणणार? ते जे सांगतील त्यावरून तुम्हाला बरंच कळेल.

तार असो की अलाइनर, हाडात घडतं ते सारखंच. दातावर मंद जोर ठेवला की ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन भरतं, दात असा महिन्याला जेमतेम १ मिलिमीटर सरकतो. म्हणून दीड-दोन वर्षं लागतात आणि "सहा महिन्यात करून देतो" असं कुणी म्हणालं तर तुमच्या मुलीच्या केससाठी ते खरं नाही. जास्त जोर लावून घाई केली तर दाताची मुळं झिजतात.

मग फरक कुठे? मेटलची तार दातावर चिकटवलेली असते, पोरीने मनात आणलं तरी काढू शकत नाही, आणि १३ वर्षांच्या मुलीसाठी मला हीच तिची सगळ्यात मोठी ताकद वाटते. उपदाढा काढल्यावर मोठ्या फटी मिटवायच्या, मुळं सरळ उभी करायची, हे काम तार फार भरवशाने करते. अलाइनर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे साचे, एक-दोन आठवड्यांनी पुढचा घालायचा. हे तंत्र काही फसवं नाही, १९९७ मधे अमेरिकेत कॅलिफोर्नियात इनव्हिझलाइन नावाचे अलाइनर बनवणारी कंपनी निघाली तेव्हापासून ते बरंच सुधारलंय, दात काढलेल्या केसेसही त्यावर होतात. पण त्या डॉक्टरांचा हात बसलेला लागतो आणि साचा दिवसातले २० ते २२ तास तोंडात राहावा लागतो, म्हणजे फक्त जेवताना आणि ब्रश करताना काढायचा. माझा एक पेशंट पाचोऱ्याला लग्नात जेवायला बसला, साचा काढून टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, वाढपी आले, पत्रावळी उचलल्या आणि टिश्यू पण गेला. २६ वर्षांचा शिकलेला माणूस मांडवामागे उष्ट्या पत्रावळी उचकत बसला होता. आठवीतल्या मुलीकडून दोन वर्षं रोज २२ तासांची अपेक्षा धरायची का, ते आई म्हणून तुम्हीच ठरवा, तुमच्याइतकं तिला कुणी ओळखत नाही.

सिरॅमिकचं एक सांगतो. ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला तार धरणारा छोटा तुकडा, दाताच्या रंगाचं असतं, लांबून दिसत नाही, पण ते ठिसूळ असतं, आणि तार धरून ठेवायला जी बारीक रबरी रिंग लावतात ना, ती आपली शेवभाजी दोनदा खाल्ली की हळदीने पिवळी धमक होते. महिन्याने बदलतात, तोवर पांढऱ्या दातावर पिवळे ठिपके. १७ हजार जास्त देऊन हेच दिसणार असेल तर मला पटत नाही, मेटलवर रंगीत रिंगा लावून घेऊ द्या, मुलींना ते आवडतं. सेल्फ-लायगेटिंग नावाच्या, रबरी रिंग न लागणाऱ्या महागड्या तारा लवकर काम करतात असं सांगतात, अभ्यासांत तसा मोठा फरक दिसलेला नाही. आतल्या बाजूने लावायच्या तारा फार महाग, जीभ सोलते, आणि ते करणारे डॉक्टर आपल्याकडे कमी.

माझं मत विचाराल तर मेटलची तार. आणि पैसे वाचतील ते जाण्यायेण्याला ठेवा, कारण दर चार-सहा आठवड्यांनी जळगाव, दोन वर्षं. आत्ता सुरू केलं तर दहावीच्या परीक्षेआधी तारा निघतील, पुढे शिकायला बाहेर गेली तर अर्धवट केस दुसऱ्या डॉक्टरांच्या गळ्यात मारायची वेळ येणार नाही. ३८ हजार एकदम द्यायचे नसतात, बहुतेक ठिकाणी सुरुवातीला काही रक्कम आणि बाकी हप्त्याने चालतं, बाग कधी कापणार ते मोकळेपणाने सांगा. तेही जड जात असेल तर डेंटल कॉलेजमधे चौकशी करा, धुळ्याला आहे, सरकारी हवं तर छत्रपती संभाजीनगरला आहे. जिथे ऑर्थोचा, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेचा, पदव्युत्तर (पीजी) विभाग असतो तिथे एमडीएस ही दातांची पदव्युत्तर पदवी करणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली केस करतात, खर्च कमी येतो, वेळ मात्र जास्त द्यावा लागतो. आणि कुठेही गेलात तरी हे काम करणारे एमडीएस ऑर्थोडॉन्टिस्ट आहेत ना, ते विचारा. विचारण्यात अपमान नाही.

तार लावल्यावर पहिले चार-पाच दिवस दात ठणकतात, गालाला आतून टोचतं, त्याला मेण मिळतं ते लावायचं. तेव्हा तुमच्या घरची केळी आहेतच, वांग्याचं भरीत, फौजदारी डाळीत कुस्करलेली भाकरी, सगळं चालतं. ऊस दाताने सोलायचा नाही, मक्याचं कणीस, उडदाचा तळलेला कडक पापड, बोरं नकोत, पेरू फोडी करून. ब्रॅकेट एकदा निघालं की महिनाभराचं काम मागे जातं. आणि ब्रश! तारेभोवती अन्न साठून राहिलं तर तारा निघाल्यावर दातावर चौकोनी पांढरे डाग राहतात, ते जाता जात नाहीत. खोट्या कानातल्यांनी तिचे कान चिघळत असतील तर तेही आधी सांगा, काही तारांमधे निकेल असतं आणि तिला त्याची ॲलर्जी असू शकते.

प्रश्न: मी नंदुरबारची, वय २४. पाच महिन्यांनी लग्न आहे. पुढच्या दोन दातांत फट आहे. ऑनलाइन घरपोच अलाइनर मिळतात, घरीच माप घ्यायचं किट येतं, ते मागवू का? ब्युटी पार्लरवाली ताई म्हणाली व्हिनिअर बसव, दोन दिवसात होतं.

उत्तर: नुसती फटच असेल, बाकी चावा नीट असेल, तर पाच महिन्यांत अलाइनरने होण्यासारखं आहे. पण आधी डॉक्टरांनी तोंडात बघून, एक्सरे काढून. किटमधल्या मऊ लगद्यावर घरी घेतलेलं माप हिरड्या आणि मुळं दाखवत नाही. आत हिरडीचा आजार असला आणि वरून दात सरकवला तर तो हलायला लागतो, मग दाद कुणाकडे मागणार? स्माइलडायरेक्टक्लब म्हणून अमेरिकेतली अशीच मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मधे बंद पडली, ज्यांची ट्रीटमेंट अर्धवट होती ते तसेच राहिले. व्हिनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा, त्यासाठी बहुतेक वेळा दाताचं वरचं कवच घासावं लागतं, ते परत येत नाही, आणि काही वर्षांनी व्हिनिअर बदलावं लागतं. २४ व्या वर्षी धडधाकट दात घासू नका. लग्नासाठी घाईच असेल तर दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कंपोझिट, लावून फट तात्पुरती बुजवता येते, ते पुढे काढताही येतं. एक मात्र आरशात बघा, वरच्या ओठाच्या आतून येणारी चामडीची पट्टी दोन दातांच्या मधे खोल उतरलीय का? तसं असेल तर ते डॉक्टरांना दाखवा, नाहीतर मिटवलेली फट परत उघडते.

प्रश्न: भुसावळ, वय ४८. माझे दात सरळ होते, गेल्या तीन वर्षांत पुढच्या दातांत फटी पडल्या आणि एक दात लांब झाल्यासारखा दिसतो. तंबाखू आहे. या वयात तार लागते का?

उत्तर: दादा, वयाची अडचण नाहीये, हाड जिवंत आहे तोवर दात सरकतो. पण सरळ असलेले दात या वयात आपोआप फाकतात तेव्हा बहुतेक वेळा हिरडीखालचं हाड झिजलेलं असतं. तंबाखूने तो आजार वाढतो आणि हिरडीचं रक्त येणंही दबतं, म्हणून माणसाला कळत नाही. आधी हिरड्यांच्या डॉक्टरांकडे जा, पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात त्यांना, खोल सफाई होऊ द्या, तंबाखू सोडा. काही महिने हिरडी शांत राहिली की मग हलक्या जोराची तार लावता येईल. आजारी हिरडीवर तार लावली तर दात हातात येईल.

प्रश्न: मुलाच्या तारा काढून दीड वर्ष झालं. रात्री घालायची प्लेट होती, होस्टेलला गेल्यावर घातली नाही. खालचे दात परत वाकडे व्हायला लागलेत. आता जुनी प्लेट घालायला लावू का? अमळनेर.

उत्तर: दात सरकून नव्या जागी आले तरी हिरडीतले धागे जुन्या जागेकडे ओढत राहतात, ते सैल पडायला वर्षभर सहज जातं, आणि वयाबरोबर खालचे दात थोडे जवळ येतच राहतात. म्हणून रिटेनर, म्हणजे ती रात्री घालायची प्लेट. अक्कलदाढेमुळे वाकडे झाले असं कुणी सांगून ती काढायला लावत असेल तर त्याने दात सरळ होणार नाहीत. जुनी प्लेट हलक्या हाताने घालून बघा. थोडी आवळ बसली पण पूर्ण बसली, तर काही दिवस जास्त वेळ घालून मग रोज रात्री. बसतच नसेल तर जोर लावू नका, चावून बसवू नका, गरम पाण्यात बुडवून मऊ करायचाही प्रयत्न नको, ती वाकडी होते. तशीच डबीत घालून सुट्टीत आला की डॉक्टरांकडे घेऊन जा, ते खालच्या दातांच्या आतून बारीक पक्की तार चिकटवून देतील, ती होस्टेलला विसरता येत नाही.